रकानची दोन बोटं

धोंडीराम मोहितेने तो लांबट बॉल हातात घेऊन कधी पळून पाहिलं नाही. त्याने ज्या पोरांना सात वर्षं शिकवलं, त्यांनीही नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा वेगळा, झेलणारे वेगळे, घेऊन पळणारे वेगळे. आणि या सगळ्यांच्या पुढे पाच जाडजूड गडी वाकून उभे असतात, त्यांच्या वाट्याला बॉल येत नाही. समोरचे अंगावर धावून येतात, त्यांना तीन-चार सेकंद थोपवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. तेवढ्यात मागचा माणूस बॉल फेकतो आणि टाळ्या त्याला पडतात. पुढच्या या पाच जणांच्या रांगेला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. सौदी अरेबियातल्या थुवालच्या विद्यापीठाच्या हौशी टीममध्ये या लाइनचा कोच धोंडीराम होता. कागदोपत्री मात्र तो मैदानावरचं गवत कापणारा कामगार होता, आणि अजूनही आहे.

तो मूळचा कडेगाव तालुक्यातला. तरुणपणी साखर कारखान्याच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात सापडला की सुटत नसे. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, कारखान्याने कायम केलं नाही, आणि तो परांच्या बांधायला लागला. त्याच कामावर तो थुवालला आला, तेव्हा इथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळू होती. विद्यापीठ उभं राहायचं होतं. ते उभं राहिलं, परांच्या उतरल्या, बरोबरची माणसं पांगली. देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीने धोंडीरामला ठेवून घेतलं. आधी झाडांना पाणी देणाऱ्या नळ्या, मग खेळाचं मैदान. बायको शालन गावी, मुलगी संपदा इस्लामपूरला दिलेली, मुलगा वैभव चाकणला नोकरीला. दोन वर्षांतून एकदा सुट्टी.

टीम काढली ती तुर्की नावाच्या सौदी माणसाने. तो विद्यापीठातल्या पाणी थंड करायच्या प्लांटवर इंजिनिअर होता. अमेरिकेत ओक्लाहोमात सहा वर्षं शिकून आला होता आणि येताना हा खेळ घेऊन आला होता. संध्याकाळी ऊन उतरलं की तीसेक पोरं हेल्मेट आणि खांद्याचे पॅड चढवून मैदानात यायची. त्यांचं आटोपेपर्यंत धोंडीराम गवत कापायच्या गाडीवर बसून राहायचा.

एके दिवशी त्याला राहवलं नाही. पुढची पाच पोरं पुन्हा पुन्हा उताणी पडत होती. तो गाडीवरून उतरला आणि तुर्कीजवळ जाऊन उभा राहिला.

"यांच्या टाचा टेकलेल्या आहेत," तो म्हणाला. त्याची अरबी साईटवरची, तुटकी. पण पाय, टाच, वर, खाली हे शब्द परांचीवर पक्के झालेले होते.

तुर्कीने त्याच्याकडे पाहिलं. "तू खेळलायस?"

"हे नाही. दुसरं. सात जणांचं."

"मग दाखव."

धोंडीरामने गमबूट काढले. समोर एकशे दहा किलोचं पोरगं होतं. ते धावून आलं तसा धोंडीराम अर्धं पाऊल पुढे गेला, कमरेत बसला आणि त्याच्या छातीखाली शिरला. पोरगं जागच्या जागी थांबलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा जुन्या सवयीने धोंडीरामचा हात खाली गेला, घोटा सापडला आणि पोरगं पाठीवर पडलं. सगळे हसले.

"हे चालत नाही," तुर्की म्हणाला. "धरलं की फाउल."

माणसाला अडवायचं पण धरायचं नाही, हे धोंडीरामला कळायला वर्ष लागलं. पण टाचेचं त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तुर्कीनेच हाक मारली. तिसऱ्या दिवशी धोंडीराम गमबूट काढूनच आला.

मग तो त्यात पुरता बुडाला. रेषा मारायच्या यंत्रात पांढरा रंग भरून त्याने मैदानाच्या कडेला पावलं आखली: डावं इथे, उजवं इथे, पहिलं पाऊल चार बोटांपेक्षा मोठं नाही. धरायची खोड मोडावी म्हणून पोरांच्या मुठीत टेनिसचे चेंडू दिले. चेंडू पडला की मैदानाला एक चक्कर. पाचही जणांनी एकाच श्वासाला उठावं म्हणून त्यांना एकमेकांचे हात धरून कबड्डीतल्या साखळीसारखं चालवलं. पोरांना ध आणि ढ जमेना, ती त्याला 'कोच दोंदी' म्हणू लागली. त्याच्या पोटाकडे पाहता ते अगदीच चुकीचं नव्हतं.

टीमचे फोटो काढायला चारुता यायची. ती पुण्याची, समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करायला आलेली. इंग्रजीतून काही समजून घ्यायचं असलं की धोंडीराम तिच्याकडे जायचा. तुर्कीने दिलेल्या आकृत्यांची वही तिने त्याला मराठीत करून दिली होती. ती त्याला काका म्हणायची, तो तिला ताई.

शालनला मात्र हे काय चाललंय ते कधी समजलं नाही. व्हिडिओवर तिने एकदा सामना पाहिला.

"तुमची पोरं कुठली?"

"ती पुढची. वाकल्याली."

"ती तर नुसती ढकलाढकली करत्यात. गोल कवा करत्यात?"

"त्यांनी करायचा नसतो."

"मग कशापायी खेळत्यात?" तिने विचारलं. त्याच्यापाशी उत्तर होतं, पण फोनवर सांगता आलं नाही.

रकान आला तो टीमच्या चौथ्या वर्षी. मदिनेचा, वडील शाळेत शिक्षक. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये शिकायला आलेला, बावीस वर्षांचा, अंगाने मोठा आणि स्वभावाने मऊ. कुणाला धक्का लागला की 'सॉरी' म्हणायचा. धोंडीरामने त्याला सेंटर केलं, म्हणजे रांगेच्या मधोमध. सेंटर पायांमधून बॉल मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्याला भिडतो. दोन्ही गोष्टी एका दमात करणं कठीण असतं. रकानला पहिलं वर्ष जमलं नाही, दुसऱ्या वर्षी जमू लागलं, आणि तिसऱ्या वर्षी जेद्दाच्या टीमची पोरं सामन्याआधी विचारायची, तो मदिनेचा आलाय का.

सराव संपला की बाकीचे जायचे, रकान थांबायचा. धोंडीरामबरोबर खुणेचे प्लास्टिकचे कोन गोळा करायचा, पॅड मोजून खोलीत ठेवायचा. बोलणं फारसं नसायचंच. आपल्या आयुष्यात कुणी आपलं इतकं ऐकलं नाही, असं धोंडीरामला त्या दिवसांत वाटायचं. आता तो हे सगळं सांगतो तेव्हा दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगतो.

गेल्या जानेवारीत, उपांत्य सामन्याच्या तीन आठवडे आधी, सरावात रकानचं हेल्मेट समोरच्याच्या खांद्यावर आदळलं आणि मान एका बाजूला ताणली गेली. तो उठला, पण उजवा हात झटकत राहिला. सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा तो धोंडीरामजवळ आला.

"कोच, मानेपासून बोटांपर्यंत करंट गेला. अंगठा आणि हे बोट कळत नाही."

धोंडीरामने त्याचा अंगठा दाबला. "कळतंय?"

"नाही."

कबड्डीत खांद्यावर पडलं की धोंडीरामलाही असं व्हायचं. दहा मिनिटांत जायचं. "हात हलव," तो म्हणाला. "जाईल."

ते गेलं.

आठवड्याने पुन्हा झालं. या वेळी जायला रात्र लागली. "कोच तुर्कींना सांगू नका," रकान म्हणाला. "बसवतील मला." धोंडीरामने त्याच्या मानेला बाम चोळून दिला आणि डोकं वर ठेवून भिड, मान आत ओढून भिडू नकोस, असं दाखवून दिलं. तुर्कीला त्याने सांगितलं नाही. टीमचा नियम होता की असलं काही झालं तर डॉक्टरकडे पाठवायचं. तो नियम चारुतानेच त्याला वहीत मराठीत लिहून दिला होता.

सामना शुक्रवारी होता, दुपारच्या नमाजानंतर, थुवालच्याच मैदानावर. रेषा धोंडीरामने सकाळी मारल्या होत्या. बायका-मुलांसकट चारेकशे माणसं आली होती. अंग मोकळं करायला पोरं मैदानात उतरली तेव्हा रकान त्याच्याकडे आला. हेल्मेट काखेत होतं.

"कोच. कालपासून परत आलेलं नाही."

"काय?"

"बोटं. कालच्या सरावापासून. झोपून उठलो तरी नाही."

धोंडीरामने रांगेकडे पाहिलं. रकानच्या जागी खेळू शकेल असा एकच पोरगा होता, आणि त्याने दिलेला बॉल पाचातून दोनदा डोक्यावरून जायचा. जेद्दाच्या बाजूला मधोमध उभा राहणारा गडी मोठा होता. धोंडीरामने एवढंच पाहिलं. बॉल पकडायला बोटं लागतात हेही त्याच्या मनात आलं; रकानला काही होईल हे आलं नाही. निदान आलं होतं की नाही, ते त्याला आता नक्की सांगता येत नाही.

"चार बॉल देऊन बघ," तो म्हणाला. "जमले तर खेळ."

रकानने चार बॉल दिले. चारही नीट गेले. त्याने धोंडीरामकडे पाहिलं, धोंडीरामने मान हलवली.

पहिले दोन डाव रांग भिंतीसारखी उभी राहिली. टीम सात गुणांनी पुढे होती. तिसऱ्या डावात रकानने बॉल दिला, भिडला, आणि मागून आणखी एक जण त्याच्यावर पडला. शिट्टी वाजली. तिघे उठले. रकान पालथाच राहिला. कुणीतरी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही.

धोंडीराम मैदानात गेला नाही. तो रेषेवर उभा होता, तिथेच उभा राहिला. पाय उचलत नव्हते असं नव्हतं. उचलायचे असतात हेच सुचलं नाही. डॉक्टर धावले, मानेला पट्टा घातला, फळीवर घेतलं. ॲम्ब्युलन्स गवतावर आली आणि ओल्या जागी चाकांच्या दोन खोल खुणा उमटल्या. पाय हलत होते. उजवा हात हलत नव्हता.

सामना थांबवला, पुढे तो रद्दच केला. लोक गेले. धोंडीरामने कोन गोळा केले, पॅड मोजले. बेचाळीस असायला हवे होते, एकेचाळीस भरले. त्याने पुन्हा मोजले. मग लक्षात आलं की एक रकानच्या अंगावरून कापून काढला होता.

त्यानंतरचे दिवस त्याला सलग आठवत नाहीत. जेद्दाच्या इस्पितळात रकानच्या मानेचं ऑपरेशन झालं. मणक्यांमधली एक चकती सरकून हाताच्या शिरेवर आली होती, असं चारुताने सांगितलं. तो चालेल, सगळं करेल, हाताचं मात्र बघावं लागेल. "बरं," धोंडीराम म्हणाला. तो कामावर जात होता. कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये पुढ्यात येईल ते खात होता, अंघोळ करत होता. एकदा त्याने मैदानाला सकाळी पाणी दिलं आणि दुपारी परत दिलं. सुपरवायझरने विचारलं तेव्हा सकाळचं त्याला आठवेना. रडू येत नव्हतं. भीती वाटत होती म्हणावं तर तीही नाही. छातीत काहीतरी दाटून येईल म्हणून तो वाट पाहत होता, आणि काही येत नव्हतं.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. तुर्की तिला उत्तरं देत होता. एका दुपारी तो सामानाच्या खोलीपाशी आला. दाढी वाढली होती.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "सगळ्यांना विचारतोय. आधी त्याला काही त्रास होता? तुला काही बोलला होता?"

"नाही," धोंडीराम म्हणाला.

तुर्कीने पाठीवर हात ठेवला. "मला वाटलंच. तुला बोलला असता तर तू सांगितलं असतंस." आणि तो गेला.

शालनचा फोन रोज यायचा.

"गप का?"

"काय न्हाई. काम हाय."

"पोरास्नी शिकवताय न्हवं?"

"सध्या बंद हाय."

 ती वाट बघत फोन धरून राहायची, तोही धरून राहायचा, आणि मग कुणीतरी ठेवायचं.

चौथ्या आठवड्यात चारुता म्हणाली, "काका, मी रकानला भेटायला चाललेय. तुम्ही येता? तो दोनदा विचारत होता तुम्हाला."

जेद्दापर्यंत तासभराचा रस्ता. चारुता गाडी चालवत होती, मधूनमधून काहीतरी बोलत होती. धोंडीराम बाहेर बघत होता. पेट्रोलपंप, वाळू, पंप. रस्ता संपू नये असं वाटायला हवं होतं, तसंही वाटलं नाही.

खोलीत रकान उशांना टेकून बसला होता. गळ्याला पट्टा, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. फिजिओथेरपी चालू होती. कोपर आता वर यायचा, मनगटही थोडं. शेजारी त्याचे वडील होते, पांढरा पायघोळ थोब, चष्मा. सगळे त्यांना अबू रकान, म्हणजे रकानचे वडील, म्हणत. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी धोंडीरामचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही कोच दोंदी," ते म्हणाले. शाळेत शिकवतात तसं सावकाश, त्याला कळेल असं बोलत होते. "घरी आला की हा तुमचंच बोलायचा. हा पोरगा दारातून आत यायला लाजायचा. तुम्ही त्याला उभं राहायला शिकवलंत. अल्ला तुमचं भलं करो."

त्यांनी कहवा ओतला आणि मदिनेच्या खजुरांचा डबा पुढे केला. धोंडीरामने एक घेतला. तो हातातच राहिला. ते चारुताशी डॉक्टरांविषयी बोलू लागले तसा रकान थोडा पुढे झुकला.

"मी कुणाला सांगितलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

धोंडीरामने त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारचं बोट चादरीवर होतं, त्याचं आहे की नाही असं.

"ताई," तो मराठीत म्हणाला, "यांना सांगा. पोरगं मला आधी बोललं होतं."

चारुता वळली. "काय बोललं होतं?"

"बोटं बधिर हायत म्हणून. तीन वेळा. सामन्याच्या दिवशीबी. मी खेळ म्हणालो."

चारुताने कप खाली ठेवला. "काका," ती म्हणाली, "तुम्ही तुर्कीला नाही म्हणाला होतात."

"व्हय."

"मग आता इथे नको. आधी त्याच्याशी बोलू, समितीला कसं सांगायचं ते ठरवू. इथे राहायच्या तुमच्या परवान्याचं काय होईल, नोकरीचं काय होईल, काही कळतंय का तुम्हाला?"

"तुम्ही सांगा त्यांना."

"मला नाही जमणार."

अबू रकान दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. धोंडीरामने खजूर परत डब्यात ठेवला आणि स्वतःच्या अरबीत बोलायला लागला. ती भाषा पाइप आणि सिमेंटची होती, तिच्यात असल्या गोष्टीला शब्द नव्हते, म्हणून त्याने होते तेच वापरले.

"तुमचा मुलगा मला बोलला. बोट नाही, करंट. एक वेळा, दोन वेळा, तीन वेळा. मला माहीत होतं. डॉक्टरला सांगायचं, मी सांगितलं नाही. मी म्हणालो, खेळ. तो नाही. मी."

रकान म्हणाला, "बाबा, मीच त्यांना गप्प राहायला—"

वडिलांनी हात वर केला, तो थांबला.  अबू रकाननी चष्मा काढला, थोबाच्या बाहीला पुसला, परत घातला.

"शेवटी कधी बोलला?"

"त्याच दिवशी. सामन्याच्या आधी."

"किती आधी?"

"अर्धा तास."

बाहेर अजान झाली. अबू रकान उठून नमाजाला गेले. ते परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली.  रकान भिंतीकडे तोंड करून होता. ते आले, दारातच उभे राहिले.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलं," ते म्हणाले. "आता तुम्ही जा."

परतीच्या रस्त्यावर चारुताने एकदाच तोंड उघडलं. "वहीतलं ते पान मीच लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं होतं ना ते? मी नीट लिहिलं होतं ना?"

"नीट लिहिलं होतं, ताई."

त्याच संध्याकाळी तो तुर्कीच्या ऑफिसात गेला. तुर्की ऐकत असताना खुर्चीतून उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी समितीला लिहून दिलंय, की कुणालाही माहीत नव्हतं. माझी सही आहे त्याच्यावर."

"हो."

"तू काहीतरी बोल, दोंदी. नुसतं हो म्हणू नकोस."

धोंडीरामला बोलायचं होतं. तो वाट पाहत राहिला. तुर्कीही. शेवटी तुर्कीने टेबलावरचा कागद ओढला. "जा," तो म्हणाला. "मी परत लिहितो."

समितीचा निकाल महिन्याने आला. धोंडीरामने यापुढे खेळाडूंना शिकवायचं नाही. नोकरी गेली नाही, कारण नोकरी गवताची होती आणि गवताविषयी कुणाची तक्रार नव्हती. कोच म्हणून त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसल्याने काढून टाकायलाही काही नव्हतं. अहवालात त्याचा उल्लेख 'मैदान कर्मचारी' असा एका ओळीत आला. तुर्कीला वर्षभर टीमपासून दूर ठेवलं. सरावाआधी प्रत्येक खेळाडूने मान, हात, डोकं यांविषयी लिहून द्यायचा एक फॉर्म सुरू झाला. लाइनला शिकवायला जेद्दाहून कुणीतरी येऊ लागलं.

शालनला त्याने त्यानंतर सांगितलं. सगळं सांगितलं. सांगताना आवाज हलला नाही. आजच्या भाजीविषयी बोलावं तसा तो बोलत होता. 

"त्या पोराच्या आईला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"म्हाईत न्हाई. वडलांनी सांगितलं असंल."

"तिला भेटलासा?"

"न्हाई. ती नव्हती तिथं."

"असंल की. बाहेर कुठं तरी बसल्याली असंल." मग ती म्हणाली, "सुट्टी घ्यून या चार दिस."

"इथंच ऱ्हातो," तो म्हणाला. तिने कारण विचारलं नाही. त्याच्याकडे नव्हतंही. रोज सकाळी उठून त्या मैदानावर जाणं त्याला जड जात नव्हतं, आणि जात नाही हेच त्याला खटकत होतं. दुपारी तो गाडीवर बसून सराव पाहायचा. नवा कोच बरा होता. नव्या सेंटरच्या टाचा टेकायच्या. धोंडीराम बघायचा आणि गाडी सुरू करून दुसऱ्या टोकाला जायचा.

ऑक्टोबरात रकान परत आला. ऑपरेशनची खूण गळ्यावर बारीकशी दिसत होती. तो एका दुपारी मैदानावर आला, धोंडीराम नळ्या जोडत होता तिथे कट्ट्यावर बसला. सुरुवातीला दोघे उन्हाविषयी बोलले.

"हात कसा?" धोंडीरामने विचारलं.

रकानने वर करून दाखवला. "सगळं होतं. या दोन बोटांची जाणीव येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता येणारही नाही बहुतेक. लॅबमध्ये काचेच्या नळ्या हातातून सुटतात, कळतच नाही. म्हणून सरांनी मला कॉम्प्युटरवरचं काम दिलंय. दोन वर्षांचं काम दुसऱ्याकडे गेलं."

धोंडीरामने नळी खाली ठेवली.

"मला राग आहे तुमचा," रकान म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रोज नसतो. कधी येतो, कधी महिनाभर येत नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, तू मोठा आहेस, तूही गप्प बसलास. ते खरं आहे. पण मी तुम्हाला का सांगायचो ते माहितीय? तुर्कींना नको सांगू म्हणायचो, पण तुम्हाला येऊन सांगायचोच, दर वेळी."

"का?"

"मला वाटायचं, तुम्ही नाही म्हणाल. मला स्वतःला नाही म्हणता येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, बस बाहेर, म्हणजे माझ्यावर येणार नाही." तो मैदानाकडे बघत होता. "मी चार बॉल दिले ना त्या दिवशी, तेव्हाही वाटत होतं, आता म्हणतील."

धोंडीराम उभाच होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नव्हतं. पोरगं खेळायची परवानगी मागतंय असंच तो समजून चालला होता. कुठेतरी आत, फार खाली, काहीतरी हललं, आणि ते दुखणं आहे की दुसरंच काही, हे कळण्याआधी थांबलं.

"मला माफी मागता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "शब्द आहेत. बाकी काही येत नाही त्यांच्याबरोबर."

"माहितीय," रकान म्हणाला. "माझ्या बोटांसारखं." त्याला हसायचं असावं, पण तो हसला नाही.

तो जायला उठला. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती. तो पुन्हा खाली बसला. धोंडीराम पुढे झाला तसा रकान म्हणाला, "राहू द्या."

त्याने नाडीचं एक टोक डाव्या हातात घेतलं, दुसरं उजव्या हाताच्या मधल्या बोटात आणि अनामिकेत अडकवलं. पहिला फास सुटला. दुसऱ्यांदा त्याने खाली वाकून, अंगठा कुठे आहे ते डोळ्यांनी बघून, तो नाडीवर ठेवला. गाठ सैल बसली. त्याने ती सोडली आणि परत बांधली. धोंडीराम शेजारी उभा राहून बघत होता. नळीतून पाणी यायला लागलं होतं, त्याच्या पायांखाली गवत भिजत होतं.

गाठ बसली. रकानने ती एकदा ओढून पाहिली, उठला आणि लॅबकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे निघाला.